वणव्यात पाडा रिकामा केल्यावर खालच्या शाळेत बसलेल्या माणसांना खबर कशी द्यायची: टप्प्याटप्प्याने

नाशिकच्या पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, पेठ आणि सुरगाण्याच्या डोंगरांत फेब्रुवारी ते मे हा वणव्याचा हंगाम. मोहाखालचा पाचोळा साफ करायला किंवा राब (भाताच्या रोपांसाठीची जमीन) भाजायला लावलेली आग वारा सुटला की हातची जाते. बहुतेक वेळा वनमजूर आणि गावची पोरं ती हिरव्या फांद्यांनी झोडपून विझवतात. पण एखाद्या वर्षी ती पाड्याच्या कुडांपर्यंत येते, आणि मग माणसं रात्रीतून खालच्या गावच्या शाळेत आणावी लागतात.

माणसं खाली आली म्हणजे काम संपलं असं वाटतं, आणि खरी गडबड तिथूनच सुरू होते. शाळेत बसलेल्या माणसाला चारच गोष्टी कळायला हव्या असतात: माझी माणसं कुठे, माझी गुरं कुठे, घर आहे का गेलं, आणि परत कधी जायचं. मोबाईलवर मात्र लांबून काढलेले लाल डोंगराचे व्हिडिओ येत राहतात आणि ‘काळजी घ्या’ असे निरोप येत राहतात. खबर मिळाली नाही की माणूस स्वतः बघायला वर जातो. म्हातारा बैल सोडायला जातो, सून दागिन्यांचा डबा आणायला जाते, पोरगा आजोबांना शोधायला जातो. आगीतून वाचलेली माणसं अशी पुन्हा आगीत जातात. त्यांना खाली धरून ठेवायचं असेल तर पोलीस बंदोबस्ताहून वेळेवर आलेली खरी खबर जास्त उपयोगी पडते.

सरपंच, पोलीस पाटील, वन व्यवस्थापन समितीचे सदस्य, शिक्षक, आशाताई आणि पाड्यातली लिहिती-वाचती पोरं यांच्यासाठी हे लिहिलं आहे. क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रमाच्याच असतात.

## टप्पा १: होळीच्या आधी करायची तयारी

वणवा लागल्यावर यादी करायला घेतली तर ती अर्धवटच होते. फेब्रुवारीत, हाताशी वेळ असताना, एक साधी वही घाला. मोबाईलमधली नको, कागदाची. वीज गेली आणि चार्जिंग संपलं की मोबाईलमधली यादी शोभेची उरते.

वहीत पाड्यानुसार पानं पाडा. प्रत्येक घराला एक ओळ: घरातली माणसं किती, त्यात अंथरुणाला खिळलेलं कोणी, गरोदर बाई, तान्हं मूल, दम्याचा माणूस आहे का, दावणीला गुरं किती, शेळ्या किती. गाई-बैलांच्या कानातल्या बिल्ल्यावरचा १२ अंकी नंबर आत्ताच लिहून ठेवा. पुढे जनावर मेलं किंवा हरवलं तर ते कोणाचं होतं हे सांगायला तोच आधार.

आता या भागातली खास अडचण. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याची कितीतरी कुटुंबं दिंडोरी आणि निफाडच्या बागांत कामाला असतात. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. म्हणजे घराची खबर ज्याला द्यायची तो कर्ता माणूस डोंगरावर नाही आणि शाळेतही नाही, तो बागायतदाराच्या शेडमध्ये आहे. म्हणून प्रत्येक घरापुढे ‘बाहेरगावी कोण, कुठल्या गावात, कोणाच्या बागेत, मुकादमाचा नंबर’ हा रकाना घाला. हा रकाना रिकामा राहिला तर वणव्याच्या रात्री तेच लोक फटफटी काढून अंधारात सावळघाटातून परत येतात आणि थेट वर जातात.

तीन माणसं ठरवा आणि त्यांची कामं एकमेकांत मिसळू देऊ नका.

नोंद ठेवणारा: वही त्याच्याच हातात. शिक्षक किंवा अंगणवाडीताई उत्तम.

विचारणारा: वनरक्षक, तलाठी, पोलीस ठाणे यांच्याशी फक्त हा एकच बोलेल. चाळीस माणसांनी एकाच वनरक्षकाला फोन केले तर तो आग विझवणार कधी?

सांगणारा: लिहिणारा आणि मोठ्याने वाचून दाखवणारा. आवाज खणखणीत हवा आणि पाड्याची बोली यायला हवी. कोकणी, वारली, ठाकरी, जी असेल ती.

प्रत्येक पाड्याचा एक माणूस या तिघांना जोडलेला असू द्या. त्याचं काम आपल्या पाड्याची डोकी मोजणं आणि आपल्या पाड्यापर्यंत खबर नेणं, एवढंच.

व्हॉट्सॲपचा वेगळा ग्रुप आत्ताच करून ठेवा आणि त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग लावा. गावचा रोजचा ग्रुप, जिथे लग्नपत्रिका आणि वाढदिवस येतात, तो या कामाला चालत नाही. खबर त्यात बुडते. काही जण ग्रुपऐवजी ब्रॉडकास्ट वापरतात. ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोहोचतच नाही, आणि पाठवणाऱ्याला तसं कळतही नाही. त्यामुळे तो मार्ग नको.

वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर मोठ्या अक्षरात: वन विभागाची हेल्पलाइन १९२६, आणीबाणीसाठी ११२, रुग्णवाहिका १०८, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, जनावरांच्या दवाखान्याची हेल्पलाइन १९६२. त्याखाली आपल्या बीटचा वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, तलाठी, पोलीस पाटील आणि महावितरणचा वायरमन यांचे स्वतःचे नंबर. बदल्या होतात, म्हणून दर वर्षी नंबर लावून बघा.

आणि जागांची नावं ठरवून घ्या. ‘वरची धार’ म्हणजे एका पाड्याला एक आणि दुसऱ्याला दुसरीच. खिंड, टाकं, म्हसोबाचं झाड, शाळेमागचा ओहोळ अशा दहा-बारा खुणांचा हाताने काढलेला नकाशा करा, त्यावर वनरक्षकाला बसवून त्याच्या कंपार्टमेंटचे (वन विभागाने जंगलाचे पाडलेले तुकडे) नंबर लिहून घ्या. फोनवर तो नंबर सांगेल आणि तुम्हाला जागा कळेल.

तपासा: वही न उघडता पाड्यातल्या कोणालाही विचारा, ‘वणवा आला तर कुठे जमायचं आणि कोणाला सांगायचं?’ दोन्ही उत्तरं आली नाहीत तर तयारी अपुरी आहे.

## टप्पा २: आधी डोकी मोजा, मग मेसेज

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आग दिसली की पहिला हात मोबाईलकडे जातो, व्हिडिओ निघतो, तालुकाभर पसरतो. आणि पाड्यातून नक्की कोण निघालं, कोण राहिलं हे अजून कोणालाच माहीत नसतं.

क्रम असा ठेवा.

१. दारं वाजवत जाताना जे घर रिकामं झालं त्याच्या दारावर खडूने किंवा कोळशाने मोठी फुली मारा. मागून येणाऱ्याला तेच घर पुन्हा बघावं लागत नाही.

२. दावणीची गुरं सोडा. दावं कापायचं, गाठ सोडत बसायचं नाही. कोणी सोडली, कुठल्या बाजूला गेली, हे पाड्याच्या माणसाने लक्षात ठेवायचं. खाली आल्यावर पहिल्या तासात हाच प्रश्न येणार आहे.

३. जमायच्या जागी वही काढा, घर घर नाव घेऊन हाका मारा. ‘सगळे आले का?’ असा प्रश्न विचारू नका. त्याला गर्दी ‘हो’ म्हणते. ‘अमक्याच्या घरातली पाच माणसं, पाचही समोर या’ असं म्हणा.

४. एखादं माणूस दिसत नसेल तर त्याला शेवटचं कोणी, कुठे, किती वाजता पाहिलं हे लिहा आणि लगेच वन विभागाला व पोलिसांना कळवा. शोधायला पोरं वर पाठवू नका.

५. मग पहिला मेसेज. तो छोटाच असतो: कोणता पाडा रिकामा झाला, माणसं कुठे आहेत, किती आली, किती जणांचा पत्ता लागायचा आहे, पुढची खबर किती वाजता.

बागांत गेलेल्यांना हा पहिला मेसेज फोन करून सांगा, मुकादमाच्या नंबरवर. ‘तुमची आई आणि दोन्ही पोरं शाळेत आहेत, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, तुम्ही रात्री निघू नका, रस्त्यावर धूर आहे.’ एवढं एक वाक्य माणसाला थांबवतं.

थांबा: बेपत्ता माणसाचं नाव मोठ्या ग्रुपवर टाकण्याआधी त्याच्या घरच्यांना विचारा. बरेचदा तो शेजारच्या पाड्यावर, मामाच्या घरी सापडतो. आणि घरांची यादी फोन नंबरांसकट कुठेही फिरवू नका. रिकाम्या पाड्याची बातमी चोरालाही कळते.

## टप्पा ३: खबर कोणाकडून घ्यायची

विचारणाऱ्याने दर वेळी तेच पाच प्रश्न विचारायचे, त्याच क्रमाने, आणि उत्तरं जशीच्या तशी लिहायची:

आग आत्ता कुठल्या खुणेपाशी आहे? कुठल्या दिशेने सरकते आहे? तुम्ही हे स्वतः पाहिलं की कोणी सांगितलं, आणि किती वाजता? रस्ता चालू आहे का? मी तुम्हाला पुन्हा किती वाजता फोन करू?

शेवटचा प्रश्न लोक विसरतात. तो विचारला तर वनरक्षकाला मधे मधे फोन येत नाहीत आणि तुम्हालाही पुढच्या खबरीची वेळ ठरवता येते.

विश्वासाची उतरंड मनाशी पक्की ठेवा. सगळ्यात वर जागेवर उभा असलेला वनरक्षक किंवा वनपाल. त्याखाली तहसील आणि पोलीस. त्याखाली जागेवरून आलेला आपला ओळखीचा माणूस, वेळ विचारून. लांबून दिसणारा धूर, वाटसरूचा व्हिडिओ, दुसऱ्या गावच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड: यांवरून अपडेट लिहायचं नाही. त्यावरून फक्त प्रश्न तयार करायचा आणि वर विचारायचा.

उपग्रहाच्या ठिपक्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शिकलेली पोरं हल्ली तेच बघून घरं जळाल्याचं सांगतात. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आग ओळखून नोंदणी केलेल्यांना एसएमएस पाठवतं, आणि नासाच्या फर्म्स या इंटरनेटवरच्या आगीच्या नकाशावरही लाल ठिपके दिसतात. हे उपयोगाचं आहे, पण त्याची मर्यादा समजून घ्या. उपग्रहावरच्या व्हीआयआयआरएस या उपकरणाच्या चित्रातला एक चौकोन जमिनीवर साधारण ३७५ मीटरचा असतो, जुन्या मोडिसचा साधारण एक किलोमीटरचा. ठिपका त्या चौकोनाच्या मध्यावर काढलेला असतो. आग त्या चौकोनात कुठेही असू शकते, तुमच्या घरावर ठिपका पडला म्हणजे घर पेटलं असं नाही. व्हीआयआयआरएसचे उपग्रह एका जागेवरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास जातात, आणि नकाशावर माहिती यायला आणखी काही तास लागू शकतात. म्हणजे संध्याकाळी सातला तुम्ही बघता तो ठिपका दुपारचा असतो. खालच्या शेतात कोणी राब भाजला असेल तर त्याचाही ठिपका पडतो. आणि ठिपका नाही म्हणजे आग नाही, असंही नाही. पाचोळ्यात धुमसणारी बारीक आग उपग्रहाला दिसत नाही. ठिपका दिसला तर वनरक्षकाला विचारा. त्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका.

## टप्पा ४: अपडेट लिहिणं

आधी जे चुकतं ते बघा. असा मेसेज हमखास येतो:

> सर्वांना कळविण्यात येते की आग आटोक्यात आहे. कोणीही घाबरू नये. प्रशासन सतर्क आहे.

यात वेळ नाही, जागा नाही, कोणी सांगितलं ते नाही. उद्या दुपारी हाच मेसेज फिरत राहिला तरी कोणाला कळणार नाही की तो कालचा आहे. आणि ‘घाबरू नये’ वाचून कोणाचीच भीती जात नाही.

तोच मजकूर असा लिहा:

> अपडेट ४. सोमवार, संध्याकाळी ६.१५
> वरचा पाडा: आग मागच्या धारेवर आहे, टाक्याच्या वर. घरांपर्यंत आलेली नाही.
> मधला पाडा: आग ओहोळापाशी अडवली आहे. दोन पेंढ्याच्या गंज्या जळाल्या. घरांबद्दल अजून कळलेलं नाही.
> शाळेचा पाडा: आग नाही, धूर आहे.
> कोणी सांगितलं: वनरक्षकांनी, ५.५० ला, ओहोळापाशी उभं राहून.
> गुरं: मधल्या पाड्याची गुरं खिंडीच्या खाली दिसली. किती ते मोजलेलं नाही.
> रस्ता: खिंडीतली वाट बंद. डांबरी रस्ता चालू.
> आज रात्री कोणीही वर जायचं नाही.
> पुढचं अपडेट रात्री ८.०० ला. नवीन काही नसलं तरी देऊ.

काही नियम याच्या मागे आहेत.

प्रत्येक अपडेटला नंबर हवा. नंबर असला की जुना फॉरवर्ड लगेच ओळखू येतो: ‘हा तीन आहे, आता पाच आलाय.’ वेळ मजकुरात लिहा, मोबाईलने दाखवलेल्या वेळेवर विसंबू नका. फॉरवर्ड केल्यावर तीही बदलते.

पाडे नेहमी त्याच क्रमाने लिहा. प्रत्येक जण आपल्या पाड्याची ओळ शोधत असतो. एखाद्या पाड्याबद्दल काहीच नवं नसेल तरी त्याची ओळ गाळू नका, ‘बदल नाही, शेवटची खबर ४.३० ची’ असं लिहा. ओळ गायब झाली की त्या पाड्याची माणसं सगळ्यात वाईट तेच धरून चालतात.

‘कळलेलं नाही’ हे लिहायला लाजू नका. वर ‘घरांबद्दल अजून कळलेलं नाही’ ही ओळ मुद्दाम आहे. ती नसती तर अर्ध्या लोकांनी घरं वाचली असं वाचलं असतं आणि अर्ध्यांनी गेली असं.

आगीची अवस्था सांगायला चारच शब्द ठरवा आणि शाळेच्या भिंतीवर त्यांचा अर्थ लावा. पसरतेय: पुढे सरकत आहे. अडवलीय: जाळरेषेपाशी (आग अडवायला साफ केलेला पट्टा) किंवा ओहोळापाशी थांबवली आहे, पण आत जळत आहे. धुमसतेय: ज्वाळा नाहीत, खोडं आणि बुंधे आतून तापलेले आहेत. विझली: वन विभागाने जागेवर जाऊन तपासून सांगितलं. ‘आटोक्यात’ हा शब्द वापरू नका. तो ऐकून एक माणूस खाली थांबतो आणि दुसरा घरी जायला उठतो.

तपासा: पाठवण्याआधी मजकूर पाड्यातल्या एखाद्या आजीला वाचून दाखवा आणि विचारा, ‘आजी, आता काय करायचं?’ तिचं उत्तर तुमच्या मनातल्या उत्तराशी जुळलं नाही तर वाक्य बदला.

## टप्पा ५: वेळा

अपडेटच्या वेळा आगीच्या स्वभावावर बसवा. डोंगरात आग चढाने वेगाने जाते, उताराने सावकाश. सकाळी दव आणि थंडावा असतो, तेव्हा ती दबलेली असते. दुपारी ऊन चढलं, वारा सुटला की भडकते. सूर्य मावळल्यावर वारा बरेचदा उलटतो आणि डोंगराकडून खाली वाहायला लागतो, त्याबरोबर धूर शाळेपर्यंत येतो. लोकांना वाटतं आगच खाली आली. हे आधीच सांगून ठेवलं तर रात्रीची पळापळ टळते.

सकाळी ७, दुपारी १२, ४, संध्याकाळी ६ आणि रात्री ८ या वेळा बहुतेकदा पुरतात. आग घराजवळ असेल तर दर तासाला. रात्री ८ नंतर नियमित अपडेट नको, पण एक माणूस जागा ठेवा आणि तो कोण, कुठे बसलाय हे सगळ्यांना माहीत असू द्या. धोका वाढला तर वाट न बघता सांगायचं आणि तो मेसेज वेगळा दिसावा म्हणून पहिलीच ओळ ‘तातडीचं’ अशी.

वेळ चुकवू नका. ८ ला द्यायचं कबूल केलं आणि ८.२० झाले की वीस मिनिटांत पाच अफवा जन्मतात. वनरक्षकाचा फोन लागत नसेल तर तेच लिहा: ‘फोन लागत नाही, शेवटचं बोलणं ६.४० ला झालं, पुन्हा प्रयत्न चालू आहे.’

## टप्पा ६: पोहोचवणं

मेसेज पाठवला म्हणजे पोहोचला, असं नाही. शाळेत बसलेल्यांपैकी कितीतरी जणांकडे स्मार्टफोन नसतो, असला तर चार्जिंग नसतं.

पहिली जागा फळा. शाळेचा फळा ओट्यावर आणा, मेसेज लिहिला तोच मजकूर तसाच त्यावर उतरवा, जुना पुसा. दोन अपडेट एका फळ्यावर ठेवले तर लोक चुकीचं वाचतात.

दुसरं, आवाज. ठरलेल्या वेळेला सगळ्यांना अंगणात बोलवा. देवळाचा भोंगा असेल तर उत्तम, नाहीतर ढोल वाजवून गोळा करा. आधी मराठीत वाचा, मग बोलीत सांगा. वाचून झाल्यावर दहा मिनिटं प्रश्न घ्या. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न वहीत लिहा आणि पुढच्या अपडेटमध्ये त्याचं उत्तर द्या किंवा ‘विचारलंय, उत्तर आलं नाही’ असं सांगा. हे केलं नाही तर दुसऱ्या दिवशी कोणी प्रश्न विचारत नाही, सगळे आपापसात बोलतात.

तिसरं, जे अंगणात येऊ शकत नाहीत. आजारी माणसं आणि बाळंतिणी खोलीत असतात. आशाताईने त्यांच्यापर्यंत जाऊन सांगायचं.

चौथं, बागांत आणि शहरात असलेले. त्यांना व्हॉइस मेसेज करा, त्यातही सुरुवातीला नंबर आणि वेळ बोला. रेंज कमी असली तर साधा एसएमएस जातो, त्यात तीनच गोष्टी: पाडा, अवस्था, पुढची वेळ. आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणारी मुलं हमखास विसरली जातात. त्यांना गावाकडची बातमी मित्राच्या मोबाईलवरून कळते आणि ती रात्रभर रडतात. मुख्याध्यापकांना किंवा अधीक्षकांना दिवसातून दोनदा फोन करा.

## टप्पा ७: अफवा आणि आपलीच चुकलेली खबर

अफवेला उत्तर देताना अफवा पुन्हा लिहू नका. ‘मधला पाडा पूर्ण जळाला ही अफवा आहे’ असं लिहिलं की निम्मे लोक पहिले चार शब्द वाचतात. थेट खरी गोष्ट लिहा: ‘मधल्या पाड्यात आग ओहोळापाशी अडवलेली आहे, वनपालांनी ७.१० ला सांगितलं.’

तुमचंच अपडेट चुकलं तर मेसेज डिलीट करून गप्प बसू नका. फॉरवर्ड झालेल्या प्रती डिलीट होत नाहीत. नवा नंबर घ्या आणि पहिल्या ओळीत लिहा: ‘अपडेट ५ मध्ये रस्ता चालू लिहिलं होतं, ते चुकलं. रस्ता ६.३० पासून बंद आहे.’ फळ्यावरही तसंच लिहा आणि मोठ्याने सांगा. अशी दुरुस्ती उघडपणे केली की लोकांचा विश्वास वाढतो.

## टप्पा ८: वाईट खबर

घर गेल्याची, जनावर मेल्याची किंवा माणूस भाजल्याची खबर ग्रुपवर आधी जाता कामा नये. ती आधी त्या घराला, समोरासमोर.

दोन माणसं जा, त्यातलं एक त्यांच्या ओळखीचं. गर्दीतून बाजूला बोलवा: ‘नाना, तुमच्या घराबद्दल बोलायचंय, जरा इकडे या.’ मग आढेवेढे न घेता सांगा. कोणी पाहिलं, किती वाजता, काय उरलंय. ‘कदाचित’ म्हणून आशा लावू नका, आणि नक्की माहीत नसेल तर नक्की म्हणूनही सांगू नका. त्यांच्याजवळ कोणीतरी बसून राहू द्या. कुटुंबात बाई एकटीच असेल तर आशाताई किंवा शेजारीण सोबत घ्या.

त्या कुटुंबाने हो म्हटल्यावरच अपडेटमध्ये लिहा, आणि तेव्हाही नाव न घालता: ‘मधल्या पाड्यातली दोन घरं जळाली, दोन्ही कुटुंबांना सांगितलं आहे.’ हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. ज्यांना कोणी भेटलं नाही ते सगळे त्या एका ओळीने निर्धास्त होतात. जळक्या घराचे फोटो ग्रुपवर कोणीही टाकायचे नाहीत. घराचा मालक बागेत बसून ते पहिल्यांदा मोबाईलवर बघतो, ही गोष्ट टाळता येण्यासारखी आहे.

## टप्पा ९: परत जाणं

परत जा म्हणायचा अधिकार आपला नाही. तो प्रशासनाचा आहे, आणि वन विभागाने जागा तपासल्याशिवाय ते सांगणार नाहीत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्ह्याच्या प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, तालुक्यात तहसीलदार बघतात. ‘आग विझली’ आणि ‘घरी जा’ ही दोन वेगळी अपडेट आहेत. एकाच मेसेजमध्ये लिहिली की लोक पहिलं वाक्य वाचून निघतात.

परतीच्या अपडेटमध्ये पाड्यानुसार दिवस आणि वेळ द्या. सगळे पाडे एकदम सोडू नका. दिवसाउजेडी, सकाळी, आधी प्रत्येक घरातला एक धडधाकट माणूस. लहान मुलं, म्हातारी आणि दम्याची माणसं नंतर.

वर जाणाऱ्यांना निघण्याआधी हे वाचून दाखवा:

- खोडांचे बुंधे आणि मुळं आतून दिवसेंदिवस धुमसतात. राखेवर पाय ठेवण्याआधी काठीने टोचा, अनवाणी जाऊ नका.
- जळलेल्या उतारावर गवताने धरलेले दगड सुटतात. कड्याखाली थांबू नका, एकाच्या वर एक चढू नका.
- अर्धं जळालेलं झाड वाऱ्याशिवायही पडतं.
- तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका. वायरमनने लाइन ठीक आहे म्हटल्याशिवाय घरातला दिवा लावायचा नाही.
- झरा, विहीर, टाकं यांत राख पडलेली असेल तर ते पाणी प्यायचं नाही. पहिले दिवस खालून पाणी न्या.
- आगीने हुसकलेले साप आणि रानातली जनावरं गोठ्यात, घरात आडोशाला येतात. आधी बाहेरून काठी वाजवा.

थांबा: घर किंवा गोठा जळाला असेल तर पंचनाम्याआधी साफसफाई करू नका. चारही बाजूंनी फोटो काढा, तलाठ्याला कळवा. मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा, कानातल्या बिल्ल्याचा फोटो घ्या. एकदा पुरलं की पुरावा राहत नाही. पंचनामा कुठल्या पाड्यात कधी आहे हे अपडेटमध्ये आदल्या दिवशी सांगा, म्हणजे बागेत गेलेला माणूस त्या दिवशी तरी येईल. मदत किती मिळेल, कधी मिळेल याबद्दल मात्र ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका. ते लिहिणं तहसील कार्यालयाचं काम, आणि आपण दिलेला शब्द आपल्यालाच पाळता येत नाही.

माणसं घरी पोहोचली तरी ग्रुप आणि फळा आणखी आठवडाभर चालू ठेवा, दिवसातून एकदा पुरे. हरवलेली गुरं सापडणं, वीज येणं, पाण्याचा टँकर, पंचनाम्याची तारीख, बुजलेली वाट मोकळी झाली का, हे सगळं त्याच नंबरांच्या क्रमात पुढे जाऊ द्या. प्रत्येक घरापुढे वहीत ‘पोहोचले’ अशी खूण झाली, हरवलेल्या प्रत्येक गुराचा निकाल लागला आणि पंचनामे संपले की शेवटचं अपडेट द्या, त्यावर ‘शेवटचं’ असं लिहा आणि पुढे चौकशी कोणाकडे करायची त्याचं नाव द्या. मग वहीतली पानं झेरॉक्स करून एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा, एक वन समितीकडे. कुठला रकाना कामाला आला नाही आणि कुठला कमी पडला ते पेन्सिलीने कडेला लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या फेब्रुवारीत नवी वही घालताना ते समोर असेल.